पत्रक मागे घेतलं, झेरॉक्स काउंटरवरच राहिली

इगतपुरीत पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मुंबई-नाशिकहून जी गर्दी लोटते, ती आपला कागदोपत्री माग मागे सोडून जाते. अनेक रिसॉर्टच्या काउंटरवर आधार कार्डाची झेरॉक्स मागतात. हल्ली बरेच व्हिलावाले पाहुणे निघण्याआधीच सगळ्यांच्या आधारचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घेतात. येताना घोटीच्या टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जातो, त्याची वेगळी नोंद होते. म्हणून खाजगी माहितीविषयीच्या बातम्या या भागात दूरदेशीच्या गोष्टी राहत नाहीत. त्या इथल्या रोजच्या व्यवहाराच्या असतात आणि चुकीच्या छापल्या गेल्या तर नुकसानही इथेच होतं. या बातम्यांचा चांगलेपणा मी एका कसोटीवर पाहतो : कोणती माहिती, कोणाच्या हाती, कोणत्या वाटेने गेली आणि हे कशावरून म्हणता, एवढं बातमी सांगते का? सांगत नसेल तर मथळा कितीही सावध करणारा असो, ती बातमी वाचकाच्या कामाची नाही. २०२२ सालच्या मे आणि जून महिन्यांत, महिन्याभराच्या आत घडलेल्या दोन प्रकरणांवरून हे चांगलं समजतं.

पहिलं प्रकरण आधारचं. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू विभागीय कार्यालयाने एक पत्रक काढलं. आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, तिचा गैरवापर होऊ शकतो, त्याऐवजी फक्त शेवटचे चार अंक दिसणारं मास्क्ड आधार वापरा, असं त्यात होतं. हॉटेलं आणि चित्रपटगृहांसारख्या परवाना नसलेल्या खाजगी आस्थापनांना आधारच्या प्रती घेण्याची वा ठेवण्याची मुभा नाही, तो आधार कायद्याखाली गुन्हा आहे, असंही स्पष्ट लिहिलं होतं. दोन दिवसांनी, रविवारी, हे पत्रक देशभर फिरलं आणि त्याच दिवशी इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ते मागे घेतलं. कारण दिलं ते असं, की त्याचा चुकीचा अर्थ लावला जाण्याची शक्यता आहे. आधार क्रमांक देताना नेहमीची सावधगिरी बाळगा, एवढाच नवा सल्ला.

बहुतेक ठिकाणी ही बातमी दोन मथळ्यांत संपली. सकाळी ‘आधारची झेरॉक्स देऊ नका’ आणि संध्याकाळी ‘सरकारचं घूमजाव’. दोन्ही मथळे खरे होते, तरी वाचकाच्या हाती काय पडलं? इगतपुरीच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला हवं होतं ते एवढंच, की आता झेरॉक्स द्यायची की नाही. त्याचं उत्तर मिळण्यासारखं होतं. पत्रक मागे घेतल्याने आधार कायद्यातलं एकही कलम बदललं नव्हतं. मास्क्ड आधारची सोय त्याआधीही होती आणि नंतरही राहिली. खाजगी कंपन्यांना आधारची सक्ती करू देणारा कलम ५७ मधला भाग सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात रद्द केला होता, तो निकालही जागेवरच होता. हॉटेलला पाहुण्याची ओळख पटवावी लागते हे खरं. पण वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट यांनीही ती पटते. ही पाच वाक्यं ज्या बातमीत होती ती चांगली बातमी. ज्या बातमीत फक्त ‘गोंधळ’ हा शब्द होता, तिने त्या गोंधळात भरच घातली. पत्रक कोणत्या कार्यालयाचं, मागे घेणारं खातं कोणतं, मागे घेताना नेमकं काय नाकारलं आणि काय नाकारलं नाही, हे पाहायला तंत्रज्ञ लागत नाही. दोन्ही पत्रकं शेजारी ठेवून शांतपणे वाचावी लागतात.

दुसरं प्रकरण जूनच्या अखेरचं. गाडीची काच पुसणारा एक मुलगा, त्याच्या मनगटावर घड्याळ, आणि त्या घड्याळाने फास्टॅग ‘स्कॅन’ करून खात्यातले पैसे पळवल्याचा दावा करणारा व्हिडिओ. तो लाखो फोनांवर गेला आणि काही माध्यमांनी ‘सावधान’ म्हणत तो तसाच दाखवला. फास्टॅगचा कारभार पाहणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तो खोटा असल्याचं सांगितलं, आणि कारण तपासून पाहण्यासारखं दिलं. फास्टॅगमधून पैसे फक्त नोंदणीकृत टोल किंवा पार्किंग चालकाच्या खात्यात जातात. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे पैसे जाण्याची वाट त्या व्यवस्थेत ठेवलेलीच नाही. टॅग वाचता आला म्हणजे पैसे काढता आले, असं होत नाही. टोलनाक्याची यंत्रणा कशी चालते हे एका फोनवर विचारून कळलं असतं. तो फोन न करता व्हिडिओ दाखवणाऱ्यांनी सिग्नलवर काच पुसून चार पैसे कमावणाऱ्या मुलांना देशभर चोर ठरवलं. याबद्दल मला मनापासून चीड आहे.

आणि खरा प्रश्न तसाच पडून राहिला. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून फास्टॅग सक्तीचा झाला. कोणती गाडी कोणत्या नाक्यावरून कधी गेली, याची नोंद तेव्हापासून आपोआप होते. ती किती काळ ठेवली जाते, कोणाला पाहता येते, कोणाच्या आदेशाने दिली जाते? ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. त्या दिवशीच्या बातम्यांत प्रवासाचे वाचणारे तास होते, बोगद्यांची लांबी होती. वाहनांच्या नोंदींचा प्रश्न माझ्या वाचनात कुठे आला नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की जादा सावध केल्याने कोणाचं काय बिघडतं? लोक थोडे घाबरले तर फसवणूक टळेल. मला हे पटत नाही. भीती चुकीच्या जागी खर्च झाली की योग्य जागी उरत नाही. काच पुसणाऱ्या मुलाच्या घड्याळाला घाबरणारा माणूस त्याच दिवशी घरातल्या सहा जणांचे आधार फोटो अनोळखी नंबरवर बिनदिक्कत पाठवतो, कारण त्या वाटेबद्दल त्याला कोणी काही सांगितलेलंच नसतं. शिवाय खोटा इशारा दोन-तीनदा उघडा पडला की लोक खऱ्या इशाऱ्यालाही ‘हे असंच असतं’ म्हणून बाजूला सारतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. तालुक्याच्या वार्ताहराकडे ना वेळ, ना तज्ज्ञ, ना पैसा. त्याच्याकडून ही अपेक्षा रास्त आहे का? अडचण खरी आहे, आणि ती वार्ताहराच्या माथी मारणं अन्यायाचं ठरेल. तरी ‘द ट्रिब्यून’ या दैनिकाचं उदाहरण पाहा. जानेवारी २०१८ मध्ये त्याच्या वार्ताहर रचना खैरा यांनी दाखवून दिलं, की एका दलालाला ५०० रुपये दिले की दहा मिनिटांत लॉगिन मिळतं आणि कोणाचाही आधार क्रमांक टाकून नाव, पत्ता, फोटो, फोन नंबर पाहता येतो. आणखी ३०० रुपयांत कार्ड छापायचं सॉफ्टवेअरही. यासाठी प्रयोगशाळा लागली नाही. बातमीत किंमत होती, वाट होती, काय दिसलं आणि काय दिसलं नाही हे होतं. प्राधिकरणाने उत्तर दिलं, की बोटांचे ठसे आणि बुबुळांची माहिती सुरक्षित आहे. पण बातमीचा मुद्दा बोटांच्या ठशांचा नव्हताच. न विचारलेल्या प्रश्नाला दिलेलं असं उत्तर जो पत्रकार ओळखतो आणि वाचकाला ओळखून दाखवतो, तो कामाचा पत्रकार. प्राधिकरणाने तक्रार नोंदवली, तिच्यात पत्रकाराचंही नाव आलं. आणि त्याच महिन्यात आधार क्रमांक लपवणारा व्हर्च्युअल आयडी जाहीर झाला. बातमीत तथ्य होतं की नाही, हे या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचकाने ठरवावं.

सरकारने नाकारलं म्हणजे विषय संपला, असं मानणं जितकं घातक, तितकंच नाकारलं म्हणजे नक्की खरं, असं मानणंही. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवरच्या एका बॉटला फोन नंबर दिला की त्या माणसाच्या कोविड लसीकरणाचा तपशील मिळत होता. आरोग्य मंत्रालयाने बातम्या निराधार ठरवल्या. माहिती आधी कधीतरी चोरलेली दिसते, असं माहिती तंत्रज्ञान राज्यमंत्री म्हणाले. आणि त्याच महिन्यात दिल्ली पोलिसांनी बिहारमधून एकाला अटक केली. या तीन गोष्टी एकमेकांशी कशा जुळतात, हे विचारत राहणं पत्रकाराचं काम होतं. बहुतेकांनी पहिल्या दोन दिवसांनंतर तो विषय सोडला.

पुराव्याच्या पायऱ्या कशा सांगाव्यात याचा चांगला नमुना म्हणजे जुलै २०२१ मधल्या पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरविषयीच्या बातम्या, अर्थात त्यातल्या चांगल्या बातम्या. संभाव्य लक्ष्यांच्या फुटलेल्या यादीत सुमारे ५०,००० नंबर होते. प्रत्यक्ष तपासलेले फोन ६७, आणि त्यातल्या ३७ मध्ये खुणा सापडल्या. यादीत नंबर असणं म्हणजे फोनमध्ये हेरगिरीचं सॉफ्टवेअर शिरलंच असं नाही, हे जबाबदार वृत्तपत्रांनी पहिल्याच दिवशी लिहिलं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले, ५ मध्ये घातक सॉफ्टवेअर आढळलं, ते पेगॅससच होतं असा निष्कर्ष मात्र निघाला नाही. केंद्र सरकारने सहकार्य केलं नाही, हेही न्यायालयाने नोंदवलं. यातलं एखादंच वाक्य उचलून दोन्ही बाजूंनी मथळे केले गेले. असा मथळा दिसला की मी आतल्या मजकुरात उरलेली वाक्यं शोधतो. ती नसतील तर त्या मजकुरावर विसंबत नाही.

आणखी एक गोष्ट पाहावी : सल्ला देणाऱ्याला त्यातून काही मिळतं का. ‘खाजगीपण जपायचं तर हे व्हीपीएन घ्या’ सांगणाऱ्या लेखातल्या दुव्यावर अनेकदा कमिशन असतं. कमिशन घेणं गुन्हा नाही, ते लपवणं वाचकाशी बेइमानी आहे.

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, म्हणजे आपल्याच नाशिक विभागात. ही कहाणी इथे सुरू झाली आणि तिचा पुढचा भागही इथल्याच काउंटरांवर घडणार आहे. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. हा कायदा डिजिटल स्वरूपातल्या किंवा नंतर डिजिटल केलेल्या माहितीला लागतो. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलेला आधारचा फोटो त्यात येतो. फायलीत लावलेली आणि कधीच स्कॅन न केलेली झेरॉक्स येत नाही. हा फरक मराठी वाचकाला समजावून सांगणारी बातमी मला वाचायची आहे. नाशिक-इगतपुरीच्या वार्ताहरांना माझी विनंती आहे : एखाद्या शनिवारी कोणत्याही रिसॉर्टच्या काउंटरवर जा आणि या झेरॉक्सचं, या फोटोंचं पुढे काय होतं, कोण ठेवतं, कधी नष्ट करतं, हे विचारून जे उत्तर मिळेल ते जसंच्या तसं छापा. आणि वाचकांनो, तोवर मास्क्ड आधार दाखवा, आणि अशी बातमी आपल्या वर्तमानपत्राकडे पत्र लिहून मागा.