काकडीला साखर कशाला?

मुलांच्या पोटात जाणाऱ्या साखरेबद्दल हल्ली आपण बरेच सावध झालो आहोत. २०२५च्या मे महिन्यात सीबीएसईने आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले, त्यामुळे शीतपेयाच्या बाटलीत किती चमचे साखर असते हे आता मुलंच आपल्याला ऐकवतात. बिस्किटं झाली, जॅम झाला, चॉकलेटची पावडर घातलेलं दूध झालं, सगळ्यांची झडती घेऊन झाली. कोशिंबीर मात्र यातून सुटली. कच्ची भाजी, घरची, पौष्टिक, तिच्यावर कोण संशय घेणार?

पण करताना आपला हात कुठे कुठे जातो ते बघा. काकडी कोचवली, पाणी हलकंसं पिळलं, दाण्याचं कूट, ओलं खोबरं, मिरची, कोथिंबीर घातली, मीठ घातलं, वर अर्धं लिंबू पिळलं. आणि मग न विचारता, न मोजता, हात साखरेच्या डब्यात. चवीपुरती! ही चवीपुरती कधी अर्धा चमचा असते, कधी दोन भरगच्च चमचे. पुण्याकडच्या घरांत तर, रागावू नका, गोडाचा हात जरा सैलच.

हिशेब सरळ सांगते. चौघांच्या कोशिंबिरीत एक चहाचा चमचा, म्हणजे चार-पाच ग्रॅम साखर पडली, तर एकेकाच्या वाट्याला ग्रॅमभर येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५मध्ये सांगितलं ते असं, की वरून घातलेली साखर दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत ठेवता आली तर उत्तम. मोठ्या माणसाला हे पाच टक्के साधारण २५ ग्रॅम होतात, मुलांना त्याहून कमी. तेव्हा क्रीमच्या बिस्किटांचा पुडा कपाटात तसाच ठेवून कोशिंबिरीतली साखर काढणार असाल, तर खटाटोप करू नका. आधी पुडा.

तरीही मी कोशिंबिरीचा आग्रह धरते. काकडीसुद्धा गोड केल्याशिवाय खाण्याजोगी होत नाही, हे मूल आपल्याच ताटात शिकतं. ते एकदा जिभेवर बसलं की शेपू, कारलं, मेथी यांची काय गत होणार ते तुम्ही जाणताच.

आता मुद्द्याचं. कोशिंबिरीत साखर आली ती आंबटाला आवरायला. लिंबू जास्त पिळलं, दही आंबट निघालं, की साखर लागते. म्हणून साखर काढायची तर सुरुवात लिंबापासून करा. अर्ध्या लिंबाऐवजी चार थेंब. दही रात्री विरजलेलं, सकाळचं ताजं, पाणी न सुटलेलं. नुसतं एवढं केलंत तरी निम्मी साखर आपोआप अनावश्यक होते. दुसरं कारण कडूपणाचं. काकडीचा कडवटपणा देठाकडच्या टोकाला जास्त असतो, तेव्हा टोक कापून चाखून बघा. जरासा कडवटपणा मीठच मारतं, त्याला साखर लागत नाही. फक्त मीठ वाढायच्या वेळी घाला, नाहीतर काकडीला पाणी सुटून कोशिंबिरीचं सार होतं.

साखर गेली की एक पोकळी राहते, ती खमंगपणाने भरायची. इथे कंजुषी नको. दाणे मंद आचेवर, सालं तडकून आतला दाणा बदामी होईपर्यंत भाजा, गार करून सालं पाखडा आणि कूट जाडसरच ठेवा. कच्चट दाण्यांचं पिठासारखं कूट घातलं की मूल नाक मुरडतं, आणि आपण म्हणतो साखर कमी पडली! वरून साजूक तुपात जिरं तडतडवून चिमूटभर हिंगाची फोडणी. ओल्या खोबऱ्याला स्वतःची गोडी असतेच. गाजर आणि बीट तर मुळातच गोड. काकडीत १०० ग्रॅममागे जेमतेम दोन ग्रॅम साखर, गाजरात चार-पाच. त्या गाजरावर पुन्हा साखर पेरायची गरज मला आजवर कळलेली नाही. फार तर मूठभर डाळिंबाचे दाणे टाका, रंगाने मूल हात पुढे करतं.

साखरेऐवजी गूळ किंवा मध घालतो, असं अनेक आया अभिमानाने सांगतात. बायांनो, जिभेला आणि रक्ताला तो गोडच. गोडव्याच्या गोळ्या-पावडरीही मुलाच्या कोशिंबिरीत नकोत. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांच्यावर भिस्त ठेवू नका, असं आरोग्य संघटनेनेच २०२३मध्ये सांगितलं आहे. आणि बाटलीतलं सॅलड ड्रेसिंग आणत असाल, तर मागचा बारीक मजकूर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

हे सगळं एका रात्रीत करू नका, आणि जाहीर तर मुळीच करू नका. 'आजपासून साखर बंद' म्हटलं की आजवर कोशिंबिरीकडे न बघणारं पोरही साखरेसाठी उपोषणाला बसतं. आठवड्या-आठवड्याने चमचा उतरवत न्या. काही महिने गोड कमी खाल्लं की पूर्वीचाच पदार्थ जास्त गोड लागायला लागतो, हे अमेरिकेतल्या मोनेल संस्थेच्या संशोधकांना २०१६मध्ये मोठ्या माणसांत आढळलं होतं. गोडाची आवड मात्र त्याने कमी झाली नाही, हेही त्यांनीच नोंदवलंय. तेव्हा दिवाळीला मूल करंजी मागणारच. द्या.

आजीला मात्र आधी विश्वासात घ्या. नाहीतर तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर पडलात, की त्यांची चिमूट पडलीच. 'सूनबाई फार शिकली' हे ऐकण्यापेक्षा दाणे भाजायचं काम त्यांच्याकडेच द्या. त्यांच्याइतका अचूक भाजण्याचा अंदाज आपल्याला कुठून असणार?

ज्यांच्या मुलाला टाइप वन मधुमेह आहे, त्यांच्याशी थोडं वेगळं बोलायचंय. त्याच्यासाठी वेगळी वाटी काढू नका. घरातल्या सगळ्यांनी तीच बिनसाखरेची कोशिंबीर खावी, धाकट्या भावंडानेसुद्धा. 'हे तुझ्यासाठी, हे आमच्यासाठी' असं रोज दोन वेळा ताटावर ऐकणं हे सुई टोचण्यापेक्षा कमी दुखत नाही. इन्सुलिन आणि पोळी-भाताचं गणित डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ घालून देतील तसंच चालू द्या, कोशिंबिरीच्या भरवशावर डोस बदलू नका. आणि साखरेला 'विष' म्हणू नका. रक्तातली साखर एकदम उतरली, हातपाय थरथरायला लागले, घाम फुटला, तर त्याच मुलाला ताबडतोब ग्लुकोज किंवा साखरेचं पाणीच प्यायचं असतं. ज्याला विष म्हणून हिणवलं, ते त्या क्षणी त्याने न घाबरता तोंडात कसं घालावं?

आणि हो, घरातल्या मोठ्यांना आंबट लागतंच. लिंबाच्या फोडी कोशिंबिरीत न पिळता ताटाच्या डावीकडे वाढा. ज्याला हवं त्याने आपल्यापुरतं पिळून घ्यावं.