परक्या संस्कृतीचा धडा: विद्यापीठ, शाळा आणि साहित्याची साक्ष

दूरदेशीच्या समाजाविषयीचा धडा शाळेत शिकविणारा शिक्षक बहुधा एकटा असतो. तो समाज त्याने पाहिलेला नसतो, त्याची भाषा त्याला अवगत नसते, आणि हाताशी असते ते एक पाठ्यपुस्तक, भिंतीवरचा नकाशा व एक तासिका. त्याच वेळी विद्यापीठात त्या समाजाचे, भाषेचे व वाङ्मयाचे अभ्यासक असतात. पण त्यांचे लेखन परस्परांसाठी असते. हे अंतर कमी करण्याचा एक दीर्घ प्रयत्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. त्यात साहित्याला कोणते स्थान मिळाले, हा प्रश्न भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांच्या दृष्टीने विचारार्ह आहे.

या प्रयत्नाचा उगम ज्ञानलालसेपेक्षा भीतीत होता. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा कृत्रिम उपग्रह सोडला आणि सप्टेंबर १९५८ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा संमत झाला. त्याच्या सहाव्या प्रकरणान्वये परभाषा व प्रादेशिक अभ्यास यांच्या केंद्रांना विद्यापीठांत अनुदान मिळू लागले. १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्याने परदेशी अध्ययनाची सोय केली. १९८० मध्ये सहावे प्रकरण उच्च शिक्षण कायद्यात समाविष्ट झाले. दरम्यान, १९७० नंतरच्या दशकात एक नवी अपेक्षा रुजली: सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या केंद्रांनी आपले ज्ञान शाळांपर्यंत नेले पाहिजे. मराठीत ‘बहिःशाल शिक्षण’ हा शब्द रूढ आहे. परंतु बहिःशाल व्याख्यानाचा श्रोता हा स्वतःच अंतिम ग्राहक असतो. येथे श्रोता शिक्षक आहे, आणि त्याने ऐकलेले पुढे शेकडो मुलांपर्यंत जावयाचे आहे. त्यामुळे चुकीचाही तितकाच विस्तार होतो.

चूक कोणत्या जातीची असते, हे १९५८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या हॅरल्ड आयझॅक्स यांच्या अभ्यासावरून कळते. त्यांनी १८१ अमेरिकनांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या मनांतील चीन व भारत यांच्या प्रतिमांचा शोध घेतला. हे लोक अशिक्षित नव्हते. विविध क्षेत्रांत वजन असणारे होते. तरीही भारत म्हणताच महाराजे, गारुडी, साधू, गाई आणि अफाट गर्दी हीच चित्रे त्यांच्यापुढे येत, आणि त्यांचा उगम पुष्कळदा बालपणीच्या वाचनात सापडे. १९७६ मध्ये एशिया सोसायटीने अमेरिकन पाठ्यपुस्तकांतील आशियाचे परीक्षण केले, तेव्हा त्यांपैकी अनेक पुस्तके आशियाला पाश्चात्त्य प्रगतीच्या मापाने मोजत असल्याचे आढळले. म्हणजे शिक्षकाच्या वर्गातील पाटी कोरी नसते. तीवर आधीच काही लिहिलेले असते. माहितीचा नवा थर दिल्याने जुनी अक्षरे पुसली जात नाहीत.

विद्यापीठीय केंद्रांनी यासाठी योजलेले उपाय साधे होते: शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग, शाळांना उसनी मिळणारी पुस्तके, चित्रे व वस्तू, आणि भारतासारख्या देशांत अभ्यासदौरे, ज्यांहून परतलेल्या शिक्षकांनी पाठ तयार करावयाचे असत. बॉस्टन विद्यापीठाच्या आफ्रिका केंद्राने प्रसृत केलेले एक भित्तिचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आफ्रिकेच्या बाह्यरेषेत अमेरिका, चीन, भारत इत्यादी देश बसवून दाखविले आहेत. सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटरच्या, ५४ देशांच्या या खंडाला एक देश मानण्याची सवय मोडण्यास असे चित्र पुष्कळ उपयोगी पडते. बालवाङ्मयासाठी पारितोषिकेही सुरू झाली: आफ्रिकाविषयक पुस्तकांसाठी १९९१ मध्ये, लॅटिन अमेरिकेसाठी १९९३ मध्ये, मध्यपूर्वेसाठी १९९९ मध्ये आणि दक्षिण आशियासाठी २०१२ मध्ये.

परंतु आकाराची चूक नकाशाने दुरुस्त होते. माणसांविषयीची चूक तशी होत नाही. येथे साहित्याचे कार्य सुरू होते. लिऑन क्लार्क यांनी १९७० नंतरच्या दशकात शाळांसाठी संपादिलेल्या मालेत आफ्रिकी लेखकांच्याच कथा, आत्मकथने व वृत्तपत्रीय लेखन घेतले होते. भारताविषयीचा भाग डोनाल्ड व जीन जॉन्सन यांनी याच पद्धतीने सिद्ध केला. बाहेरच्याचे वर्णन मागे घेऊन आतल्याची साक्ष पुढे ठेवणे, हे तिचे सूत्र होते. याच दृष्टीने चिनुआ अचेबे यांची १९५८ मधील ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही कादंबरी अमेरिकन माध्यमिक शाळांत रुजली. तिचा शेवट शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. ज्या माणसाचे जीवन वाचकाने संपूर्ण कादंबरीभर अनुभवले, त्याच्यासाठी इंग्रज अधिकारी आपल्या नियोजित ग्रंथात एक परिच्छेद राखून ठेवतो. पाठ्यपुस्तकातील ‘परदेश’ नावाचा धडा जे करीत असतो, त्याचेच हे दर्शन होय.

मराठीतील याचे समर्पक उदाहरण म्हणजे इरावती कर्वे यांचा पंढरीच्या वारीवरील ‘वाटचाल’ हा लेख. दि. धों. कर्वे यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९६२ मध्ये ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये आले आणि पुढे एलिनॉर झेलियट व मॅक्सिन बर्नसन यांच्या १९८८ मधील संपादित ग्रंथात समाविष्ट झाले. वारी हा शाळेला सहज आवडणारा विषय आहे: दिंड्या, पताका, टाळ-मृदंग. सण, पोशाख आणि पक्वान्ने यांवर थांबणारा धडा येथेच संपेल. लेख मात्र पुढे जातो. एकाच दिंडीत एकच नाम घेत चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवावयास वेगळे बसतात, याची खंत लेखिका नोंदविते. ती स्वतः ब्राह्मण कुटुंबातील आणि मानववंशशास्त्रज्ञ. म्हणजे एकाच वेळी आतली आणि किंचित बाहेरची. संस्कृती ही एकमताने बोलत नाही, ती स्वतःशी भांडतही असते, हे विद्यार्थ्याला अशा लेखातून उमगते.

तथापि हा लेखही पुरेसा नाही. चोखामेळ्याची समाधी विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर पायरीपाशी का आहे, आणि अस्पृश्य मानलेल्यांना मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण का करावे लागले, हे त्याच्या शेजारी ठेवले नाही तर पंगतीचा भेद केवळ दोन जातींपुरता वाटेल. कोणत्या लेखाशेजारी कोणता लेख ठेवावा, हा निर्णय एकट्या शिक्षकाकडून अपेक्षिता येत नाही. विद्यापीठाची खरी गरज येथे आहे.

या योजनेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. १९६२ पासून अमेरिकन ग्रंथालयांत मराठीसह भारतीय भाषांतील पुस्तके मोठ्या प्रमाणावर पोहोचली. शाळेपर्यंत मात्र भाषांतरित तेवढेच जाऊ शकले. भाषांतर नाही तेथे भारत म्हणजे इंग्रजीत लिहिणारा भारत, असा नवाच गैरसमज संभवतो. शिवाय जे कार्य राष्ट्राच्या संरक्षणाच्या नावाने उभे राहिले, ते शासनाच्या मर्जीवर टिकून राहिले. २०२५ च्या सप्टेंबरात तेथील शिक्षण विभागाने या केंद्रांचे चालू अनुदान पुढे चालू ठेवण्यास नकार दिला. शाळांशी जोडलेला दुवा अशा वेळी प्रथम तुटण्याचा धोका असतो, कारण संशोधकाची पदोन्नती त्यावर अवलंबून नसते.

भारतापुरते पाहता, दिल्ली विद्यापीठात १९५५ पासून आणि मुंबई विद्यापीठात १९७१ पासून आफ्रिकेच्या अभ्यासाची सोय झाली. परंतु परदेशाचाच काय, दुसऱ्या भारतीय प्रांताचाही धडा शिक्षक बहुधा पाठ्यपुस्तकाच्या आधारेच शिकवितो. साने गुरुजींची आंतरभारतीची कल्पना एका प्रांताने दुसऱ्याची भाषा व साहित्य यांतून त्याला ओळखावे अशी होती. तिला शाळेच्या तासिकेत उतरविण्यास मोठी यंत्रणा लागेलच असे नाही: दहा-बारा भाषांतरित वेचे, प्रत्येकासोबत लेखक कोण, कोठून बोलतो व कोणाचा आवाज येथे नाही हे सांगणारे टिपण, आणि ते घेऊन शिक्षकांसोबत घालविलेला एक आठवडा. यांतील पहिली दोन कामे भारतीय साहित्यांचा अभ्यासक आज करू शकतो; तिसऱ्यासाठी त्याला विद्यापीठाच्या आवाराबाहेर पडावे लागेल.