नाटकातील नाटक



नाटक वाचताना काय घडले एवढेच पाहून आपण पुढे जातो. परंतु ते कोणत्या तंत्राने आपल्यापुढे मांडले आहे, हे पाहिल्यावाचून नाटककाराचे म्हणणे पुरतेपणी हाती लागत नाही. या पाठात आपण 'नाटकातील नाटक' हे तंत्र अभ्यासू. संस्कृत नाट्यपरंपरेत त्यास गर्भांक म्हणतात. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'च्या सातव्या अंकात तो आढळतो.

या तंत्राचे मर्म २ शमुवेल, अध्याय १२ मधील प्रसंगावरून ध्यानी येईल. नाथान संदेष्टा दावीद राजावर थेट आरोप ठेवीत नाही. तो एका गरिबाच्या मेंढीची कथा सांगतो. कथा परक्याची आहे असे समजून राजा निर्भीडपणे न्याय करतो आणि आपल्याच निर्णयात सापडतो. शेक्सपिअरचा हॅम्लेटही हीच युक्ती योजितो. कानात विष ओतून केलेल्या खुनाचा प्रसंग तो नटांकडून करवून घेतो आणि खुनी राजा अस्वस्थ होऊन उठतो. दोन्ही ठिकाणी लटकी कथा सामर्थ्यवान अपराध्यास उघडे पाडते.

विजय तेंडुलकरांनी 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकात हेच तंत्र उलटे फिरविले आहे. अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी शहरातील एक हौशी मंडळी खेड्यात येते. सामंत या गावकऱ्यास कोर्टाची रीत समजावी म्हणून एक लुटुपुटीचा खटला उभा राहतो. आरोपी ठरते शिक्षिका लीला बेणारे आणि आरोप असतो भ्रूणहत्येचा. खेळता खेळता तिचे खरे खासगी आयुष्य चव्हाट्यावर येते. तिच्या गर्भास कारण झालेले प्राध्यापक दामले मात्र रंगमंचावर येतच नाहीत.

या तंत्राच्या जोडीला आणखी तीन तंत्रे आहेत. पहिले पूर्वसूचन: आरंभी सहज बोलून दाखविलेली दाराची कडीच पुढे बाईंची वाट अडविते. दुसरे स्वगत: बाई अखेर मन मोकळे करतात, तेव्हा भोवतालची पात्रे निश्चल असतात, प्रेक्षक सारे ऐकतात, कोर्टाच्या लेखी मात्र त्या गप्पच राहतात. तिसरे उपरोध: भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे कोर्ट शेवटी गर्भ नष्ट करण्याचीच शिक्षा फर्माविते. मग हा केवळ खेळ होता, असे म्हणून सारे मोकळे होतात.

तंत्र तेच, पण नाथानाच्या हाती ते दुर्बलाचा कैवार घेते, तर या मंडळींच्या हाती दुर्बलाची शिकार करते. आरंभीच्या थट्टेला आपणही हसलेले असतो, म्हणून त्या निवाड्यापासून आपल्यालाही अंग काढून घेता येत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न:

१. थट्टेचा खटला खरा केव्हा होतो? ते स्थळ शोधून काढा.

२. दामले रंगमंचावर आले असते, तर नाटकाचा परिणाम कसा बदलला असता?

३. एखाद्याच्या अपरोक्ष आपण त्याचा निवाडा करतो, तेव्हा आपली भूमिका नाथानाची असते की त्या कोर्टाची?