अतिचंचल मुलांचे पालक आणि स्वयंसेवक

एका जागी न बसणारी, सांगितलेले अर्ध्यातच विसरणारी मुले प्रत्येक शाळेत असतात. त्या सर्वांनाच विकार असतो असे नाही. परंतु ही लक्षणे बाराव्या वर्षाच्या आत दिसू लागून घरी व शाळेत अशा दोन्ही ठिकाणी सहा महिने टिकली आणि शिक्षणात अडथळा ठरली, तर अवधानाचा अभाव व अतिचंचलता, म्हणजेच एडीएचडी, असण्याची शक्यता असते. निदान मात्र तज्ज्ञांनीच करावयाचे असते.

अशा मुलाच्या वाट्याला छडी येते आणि आईच्या वाट्याला दोष. कोणी पूर्वजन्मीच्या कर्माकडे बोट दाखवितात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वकर्माच्या कल्पनेची कठोर चिकित्सा केली आहे. आपणही कार्यकारणभावच पाहावा. हा विकार मेंदूच्या विकासाशी निगडित असून त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

पालकांनी शिकावयाच्या गोष्टी मोजक्या आहेत: एका वेळी एकच छोटी सूचना, ती पाळताच शाबासकी, दिवसाचा ठरलेला क्रम, किरकोळ चुळबुळीकडे दुर्लक्ष आणि मारहाणीचा पूर्ण त्याग. वसतिगृहात आम्ही हे पाळले आणि सुट्टीत घरी पुन्हा मार बसला, तर मुलाचा गोंधळ वाढतो. म्हणून पालकांचे प्रशिक्षण अनिवार्य आहे. पण तज्ज्ञ शहरांत आणि आपले पालक ऊसतोडीवर किंवा वीटभट्टीवर!

ही दरी प्रशिक्षित स्वयंसेवक काही अंशी भरून काढू शकतील. स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी गोवा व रावळपिंडी येथे तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांकडून असे मार्गदर्शन देण्यात आले. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पालकांचा मुलांशी होणारा संवाद सुधारल्याचे आढळले. विकार वेगळा असला, तरी मार्ग अनुकरणीय आहे.

आमच्या मते माजी विद्यार्थी, निवृत्त शिक्षक आणि असे मूल वाढविलेल्या माता या कामी पुढे याव्यात. त्यांनी काही मर्यादा पाळाव्यात. निदान करू नये, औषधांविषयी सल्ला देऊ नये, मुलाचे नाव गावात फोडू नये आणि अडलेली प्रकरणे तज्ज्ञांकडे न्यावीत. निरक्षर पालकांना पत्रक देण्यापेक्षा प्रसंग करून दाखवावा. वर्ग विहारात, रविवारच्या वंदनेनंतर घ्यावा आणि वडिलांनाही आग्रहाने बोलवावे.

स्वयंसेवक मिळाले म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही. जिल्हा रुग्णालयात बालमानसतज्ज्ञ मिळावा, ही मागणी आपण संघटितपणे लावून धरलीच पाहिजे. तोवर एकही मूल केवळ चंचल म्हणून शाळेबाहेर पडू नये, एवढे आपल्या हाती आहे.