ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीला दिव्यांची पक्की जोडणी

माजलगाव धरणाचे लाभक्षेत्र आणि गेवराई-माजलगाव भागातील गोदाकाठ हा बीड जिल्ह्यातील उसाचा पट्टा आहे. गाळप हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात. जिल्ह्यातील तोडणी टोळ्याही ट्रॅक्टर-ट्रॉल्या घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. तोड दिवसा होते, भरणी सायंकाळी उरकते आणि वाहतूक बहुधा रात्री चालते.

ताशी ६० कि.मी. वेगाने येणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. समोर काही आहे हे ध्यानात येऊन ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद गेला तर २५ मीटर संपतात. गाडी थांबण्यास कोरड्या रस्त्यावरही आणखी जवळपास तितकेच अंतर लागते. धुळीने माखलेली, विनादिव्याची ट्रॉली डिपरच्या उजेडात ५० मीटरवरून दिसेलच याची खात्री नाही. म्हणून मागचे दिवे ही केवळ पोलिसांच्या तपासणीची बाब नव्हे. जुन्या ट्रॅक्टरलाही नव्यासारखी पक्की जोडणी करता येते.

दिवे वारंवार का बंद पडतात?

बहुतेक ठिकाणी वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळतात आणि अर्थची वेगळी वायर टाकतच नाहीत. दिव्यात गेलेला प्रवाह बॅटरीकडे परत यावा लागतो. वेगळी वायर नसल्यास तो ट्रॉलीची चेसिस आणि ड्रॉबारची पिन यांतून परततो. या पिनेवर गंज, ग्रीस व माती असते आणि खड्ड्यात ती हलते. त्यामुळे दिवे लुकलुकतात. ब्रेक दाबल्यावर टेल लाईट किंवा इंडिकेटर मंद पेटू लागला, तर अर्थ तुटला आहे असे समजावे. प्रवाहाला परतीची वाट न मिळाल्याने तो दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो. अशा वेळी बल्ब बदलून उपयोग होत नाही.

वायर किती जाडीची घ्यावी?

ब्रेकचा बल्ब २१ वॅटचा व टेलचा ५ वॅटचा असतो. दोन ट्रॉल्या जोडल्यास ब्रेकचे चार बल्ब म्हणजे ८४ वॅट होतात. १२ व्होल्टवर हा प्रवाह ७ अँपिअर येतो. अर्धा चौ.मि.मी. जाडीची बारीक वायर १५ मीटर टाकली तर सुमारे ३ व्होल्ट वायरीतच खर्च होतात आणि उजेड निम्म्याहून कमी होतो. अडीच चौ.मि.मी. तांब्याच्या वायरीत ही घट पाऊण व्होल्टच्या आसपास राहते. म्हणून अर्थ व ब्रेकसाठी अडीच चौ.मि.मी. आणि बाकीसाठी दीड चौ.मि.मी. जाडीची, अनेक तारांची लवचीक वायर वापरावी.

सात पिनांचे सॉकेट

ट्रॅक्टरच्या मागे सात पिनांचे झाकणाचे सॉकेट बसवावे. आंतरराष्ट्रीय पद्धतीतील क्रम व रंग असे आहेत :

१ – डावा इंडिकेटर – पिवळी
२ – मागील धुक्याचा दिवा – निळी (नसल्यास रिकामी ठेवावी)
३ – अर्थ – पांढरी
४ – उजवा इंडिकेटर – हिरवी
५ – उजवा टेल व नंबरप्लेट – तपकिरी
६ – ब्रेक – लाल
७ – डावा टेल – काळी

सर्वांनी हाच क्रम ठेवल्यास एकाची ट्रॉली दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला लावली तरी दिवे बरोबर चालतात.

जोडणीची पद्धत

१. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची अर्थची केबल काढावी.

२. ३ क्रमांकाच्या पिनेची वायर थेट ट्रॅक्टरच्या बॉडीवर, रंग खरवडून स्वच्छ केलेल्या जागी, थिंबल लावून बोल्टने घट्ट करावी. ट्रॉलीत प्रत्येक दिव्याची अर्थ वायर याच वायरीला जोडावी.

३. ब्रेकचा सर्व भार जुन्या स्विचवर टाकू नये. बॅटरीतून १५ अँपिअरचा फ्यूज व रिले यांच्यामार्फत ट्रॉलीच्या ब्रेक लाईटला वीज द्यावी. ब्रेकच्या स्विचने फक्त रिले चालवावा. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने एकत्र अडकवावेत.

४. जोड पिळून करू नयेत. थिंबल किंवा जोडनळी पक्कडीने दाबून वर रबरी नळी चढवावी. वायरी पन्हाळीदार प्लॅस्टिक नळीतून चेसिसच्या आतल्या बाजूने न्याव्यात व दर एक फुटावर बांधाव्यात. पत्र्यातून वायर जाते तेथे रबरी वायसर बसवावा.

५. ट्रॅक्टर व ट्रॉलीमधील केबलला वळणापुरती ढील ठेवावी. मात्र ती जमिनीला घासू नये.

६. दुसऱ्या ट्रॉलीसाठी पहिलीच्या मागे तसेच सॉकेट बसवावे.

७. बल्ब वाढल्याने जुना फ्लॅशर नीट चालत नाही. एकूण वॅटला पुरेल असा फ्लॅशर घ्यावा. एलईडी दिवे घेतल्यास प्रवाह कमी लागतो, परंतु धन-ऋण टोके पाहून जोडावीत व एलईडीला चालणारा फ्लॅशर वापरावा.

दिवे कोठे बसवावेत?

मागे लोंबणारे वाढे दिव्यांना झाकून टाकते, आणि मग चांगली जोडणीही वाया जाते. दिवे मागच्या खालच्या आडव्या पट्टीवर, लोखंडी जाळीच्या आत बसवावेत. भरणी झाल्यावर लोंबणारा ऊस कोयत्याने छाटावा. मागे लाल व बाजूंना पिवळे परावर्तक लावावेत. केबल काढलेल्या किंवा बंद पडलेल्या ट्रॉलीचे दिवे विझतात. तेव्हा परावर्तकांचाच आधार असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार मागील लाल दिवा व परावर्तक बंधनकारक आहेत.

निगा

रोज निघण्यापूर्वी एकाने मागे उभे राहून टेल, ब्रेक व दोन्ही इंडिकेटर पाहावेत. आठवड्यातून एकदा सॉकेटच्या पिना कोरड्या फडक्याने पुसून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. फ्यूज उडाल्यास तेथे तार गुंडाळू नये, बिघाड शोधावा. वाटेत टायरखाली लावलेले दगड निघताना रस्त्यावरून बाजूला करावेत.

हे काम जवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून हंगामापूर्वी एका दिवसात होऊ शकते. तोडणी टोळीची बिऱ्हाडे याच ट्रॉल्यांबरोबर रात्रीचा प्रवास करतात, हे ध्यानात ठेवून शेतकरी बंधूंनी व वाहतूकदारांनी पहिली खेप भरण्याआधीच ही जोडणी करून घ्यावी.