थाई शिकवणाऱ्याला आधी अंड्याचे विचारा

टूरवाल्याने दिलेले थाई संभाषणाचे पत्रक मी अजून फाडलेले नाही, पुरावा म्हणून ठेवले आहे. निघण्याआधी एका रविवारी वर्ग झाला, त्याचे वेगळे पैसे घेतले. शिकवायला आलेले गृहस्थ निम्मा वेळ संस्कृत आणि थाई यांचे नाते किती जवळचे, यावरच बोलले. सुवर्णभूमी विमानतळ, अयुथया म्हणजे अयोध्या, रामकियेन म्हणजे रामायण. सगळे खरे आहे, टाळ्याही पडल्या. सासूबाईंनी विचारले, "पण अंडं घालू नका, हे कसं सांगायचं?" त्यावर उत्तर आले, "पत्रकात आहे सगळं, काकू."

होते ना पत्रकात! 'माई साई काई: अंडे घालू नका.' बँकॉकमध्ये वाट फोचे देऊळ बघून नदीच्या बाजूला आलो, तिथल्या एका खाणावळीत फ्राइड राइस मागवताना मी हेच वाक्य सावकाश, स्पष्ट म्हटले. मालकीणबाई हसून मान डोलावत "खा, खा" म्हणाल्या. सासूबाईंना वाटले, आग्रह करताहेत. बशी आली आणि भाताच्या शिताशिताला अंडे! त्या दिवशी त्यांनी केळ्यांवर भागवले आणि बोलणी मी खाल्ली.

संध्याकाळी हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीपुढे पत्रक ठेवले. तिने मला ते वाक्य म्हणायला लावले आणि दोन्ही कोपर कोंबडीच्या पंखांसारखे हलवून दाखवले. कै! मग बोटांनी अंड्याचा आकार केला. खै! मी भर दुपारी अगदी नम्रपणे 'चिकन घालू नका' असे सांगत होते आणि त्या बाईंनी एक तुकडासुद्धा घातला नव्हता. त्यांचे काय चुकले? त्या मुलीनेच सांगितले की थाई मुळाक्षरांतले पहिले अक्षर क, तो कोंबडीचा, आणि दुसरे ख, तो अंड्याचा. म्हणजे बालवाडीतल्या पोरांना येते ते आमच्या भाषातज्ज्ञांना येत नव्हते. कुठून तरी इंग्रजी अक्षरांतली यादी उचलून ती देवनागरीत उतरवली होती, हे उघड आहे. ज्यांच्या लिपीत क आणि ख वेगळे आहेत, त्यांनाच ही यादी विकायची, म्हणजे कमाल झाली.

परत आल्यावर त्या शिकवणाऱ्या गृहस्थांना फोन केला. "ताई, थाईत पाच टोन असतात. तुमचा टोन चुकला असणार." पाच टोन असतात, मान्य. पण या दोन शब्दांचा टोन एकच आहे, खालचा! हे सांगितल्यावर पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "बरं, पुढच्या बॅचला बघू." माफीचा शब्द नाही.

तर जाणाऱ्यांसाठी, जे मला कोणी सांगितले नाही ते सांगते.

वाक्याच्या शेवटी बायकांनी 'खा' म्हणायचे, थोडे तोडून. पुरुषांनी 'ख्रप', बोलताना ते 'खप' ऐकू येते. म्हणणारा कोण, यावर ते ठरते, ऐकणारा कोण यावर नाही. आमच्या पत्रकात सरसकट 'ख्रप' होते, आणि 'मी' साठी 'फोम', तोही पुरुषांचाच शब्द.

आकडे दहापर्यंत पाठ करून थांबू नका. दहा बातच्या आत बाजारात मिळते काय? वीस म्हणजे यी-सिप, पन्नास हा-सिप, शंभर रॉय. 'सॉन्ग रॉय हा-सिप' ऐकले की अडीचशे हे चटकन कळले पाहिजे, तरच घासाघीस करता येते.

'जवळ' आणि 'लांब' हे दोन्ही शब्द आपल्या कानाला 'क्लै'च वाटतात. इथे मात्र खरोखर टोनचाच फरक आहे, आणि नेमके इथेच पत्रक गप्प. त्या फंदात न पडता 'की नाथी?', म्हणजे किती मिनिटे, असे विचारा. उत्तर आकड्यात येते.

टॅक्सीत बसण्याआधी मीटर टाकायला सांगा, 'मीटर' म्हटले की समजते. बँकॉकमध्ये तो ३५ बातपासून सुरू होतो. पर्यटक पोलिसांचा ११५५ हा नंबर फोनमध्ये ठेवा. हसतमुख राहा, आवाज चढवू नका, वगैरे तुम्हाला ठाऊकच असेल.

आता खाणे. 'मांगसविरत' हा शब्द आमच्या गृहस्थांचा फार लाडका, कारण मूळ संस्कृत मांसविरती. पण त्यात अंडे चालते. अंडेही नको असेल तर 'किन चे' म्हणा, इंग्रजी पाट्यांवर त्याचे 'जे' होते. त्यात मांस, मासे, अंडी, दूध नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरे दिसली, तर तिथे हे जेवण मिळते. हॉटेलातल्या त्या मुलीने मला हे थाई लिपीत एका चिठ्ठीवर लिहून दिले. पुढे सगळीकडे तीच चिठ्ठी दाखवली आणि सासूबाई नीट जेवल्या. तुम्हीही पहिल्याच दिवशी अशी चिठ्ठी करून घ्या, फुकट मिळते.

नुसत्या भाजीची बशीही तपासा. कच्च्या पपईचे सोम तम बघायला शाकाहारी, पण त्यात बहुधा सुकी कोळंबी आणि नाम प्ला, म्हणजे माशाचा सॉस असतो. 'मै सै नाम प्ला' हे वाक्य पाठ करा. फोनवर पदार्थाचे फोटो दाखवले की काम भागते, असे सांगणारेही भेटतील. फोटोत नाम प्ला दिसत नाही.