विद्यापीठाचा खर्च कसा मोजावा?

गणेशखिंडींतील पुणें विद्यापीठ १९४९ सालीं स्थापन झालें. २०१४ पासून त्यास सावित्रीबाई फुले यांचें नांव आहे. सुमारें ४११ एकरांच्या आवारांतच अध्ययनविभाग, वसतिगृहें आणि जयकर ग्रंथालय आहेत. पालकांनीं केवळ शुल्क पाहूं नये. निवास, भोजन, पुस्तकें व प्रवास हीं कलमेंही मांडावीं. वसतिगृहांत जागा न मिळाल्यास शहरांतील भाड्यानें खर्च पुष्कळ वाढतो. म्हणून प्रवेश ठरतांच तेथील अर्ज करावा. तरीही पैसा अपुरा पडल्यास ‘कमवा व शिका’ योजना आहे. तींत ठराविक तास काम करून विद्यार्थी मोबदला मिळवितो. हे श्रम कमीपणाचे नव्हेत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं साताऱ्यास १९२४ सालीं काढलेल्या वसतिगृहांतील मुलें श्रम करूनच शिकलीं. तेव्हां आधीं हिशेब मांडा. केवळ भीतीनें शिक्षण सोडूं नका.